मजल दरमजल लंडन

श्रोतेहो, खेड्यात वाट विचारली तर अंतर कोणी मैलात सांगत नाही. "हाकेच्या टप्प्यावर आहे," "पान चघळून संपेल तोवर पोचाल," "ऊन उतरायच्या आत माघारी याल," अशी उत्तरे मिळतात. पल्ला लांबचा असला तर मुक्काम सांगतात. नाशिकहून मुंबई पायी पाच-सहा मुक्कामांवर, असे जुनी माणसे म्हणत. मजल हा आपला शब्दही त्यातलाच. एका दमात, एका दिवसात चालून होईल तेवढी वाट म्हणजे एक मजल. आणि मजल दरमजल जाणे म्हणजे मुक्काम करीत करीत जाणे.

शहरातला माणूस या हिशेबाला हसतो. पण त्यालाच विचारा, "काय हो, मुंबईहून लंडन किती लांब?" तो चटकन म्हणेल, "नऊ-दहा तास." किलोमीटर त्यालाही ठाऊक नसतात. म्हणजे तोही मजलाच मोजतो, फक्त त्याची मजल लांब झाली आहे.

आज मला या मुंबई-लंडनच्या वाटेविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. विमानाने हे अंतर किती, वेळ किती, आणि शंभर वर्षांत तो वेळ कमी झाला तो नेमका कशाने. "विमाने वेगवान झाली म्हणून," असे उत्तर कोणीही देईल. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे अधिक मजेचे आहे, आणि त्यात आपल्या नाशिकरोडचाही थोडा हात आहे.

आधी अंतर पाहू. शाळेत पृथ्वीचा गोल असेल तर गुरुजींनी आणि बाईंनी हा प्रयोग मुलांकडून जरूर करवून घ्यावा. एक दोरा घ्यावा. त्याचे एक टोक मुंबईवर धरावे, दुसरे लंडनवर, आणि दोरा ताणावा. ताणलेला दोरा गोलावर आपोआप सर्वात जवळची वाट धरतो. आता तो दोरा उचलून विषुववृत्तावर ठेवावा आणि किती अंश भरतात ते मोजावे. साधारण ६५ भरतील. विषुववृत्तावरचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. गुणाकार केला की ७,२०० किलोमीटरच्या आसपास उत्तर येते. तेच मुंबई-लंडनचे हवाई अंतर. मैलात सांगायचे तर जवळजवळ साडेचार हजार.

या प्रयोगात मुले एका गोष्टीने बुचकळ्यात पडतील. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टीने रेघ ओढली तर ती इराणच्या आखातावरून, बगदादच्या अंगाने, तुर्कस्तानातून जाते. गोलावरचा दोरा मात्र कराचीच्या जवळून निघतो, इराण ओलांडतो, कास्पियन आणि काळा समुद्र यांच्यामधल्या डोंगराळ मुलखात शिरतो, मग युक्रेन, पोलंडची दक्षिण सीमा, जर्मनी आणि लंडन. नकाशावर ही वाट वर फुगलेली, वाकडी दिसते. पण खरी सरळ वाट तीच. संत्र्याची साल सोलून पाटावर सपाट दाबली तर ती फाटते किंवा ताणली जाते. सपाट नकाशाचे तसेच असते. या दोऱ्यावरची गावे ध्यानात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहेत.

अंतर हे असे आहे आणि ते पूर्वीही एवढेच होते. त्यात एका बोटाचा फरक पडलेला नाही. बदलला तो वेळ.

शिडाच्या जहाजांच्या काळात आफ्रिकेला वळसा घालून विलायतेहून मुंबईला यायला महिनेच्या महिने लागत. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि आगबोटींना तो वळसा उरला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनची डाक आगगाडीने युरोप ओलांडून, मग आगबोटीने सुएझमार्गे सुमारे दोन आठवड्यांत मुंबईच्या बंदरात उतरत असे. तिथून ती घेऊन बॅलार्ड पिअरवरून पंजाब मेल सुटे आणि थळ घाट चढून नाशिकरोडवरूनच उत्तरेकडे जाई. विलायतेचे पत्र नाशिकच्या दारावरून जात होते, पण दोन आठवड्यांचे शिळे होऊन.

नाशिकरोडला तेव्हा आणखी एक मोठे काम सुरू झाले. त्याआधी हिंदुस्थानची पोस्टाची तिकिटे लंडनला छापून आगबोटीने इकडे येत. १९२५ मध्ये नाशिकरोडला सरकारी छापखाना उभा राहिला, इंडिया सिक्युरिटी प्रेस, आणि मग आपली तिकिटे आपल्याकडे छापली जाऊ लागली. या छापखान्याला चारच वर्षे होतात न होतात तोच विमानाच्या टपालाचा प्रश्न आला.

३० मार्च १९२९ रोजी लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून इम्पीरियल एअरवेज या इंग्रज कंपनीने हिंदुस्थानची पहिली नियमित हवाई डाक सुरू केली. मुक्कामाचे ठिकाण कराची. किती दिवसांत? सात. आणि तो प्रवास कसा होता ते ऐकण्यासारखे आहे. क्रॉयडनहून एका विमानाने स्वित्झर्लंडमधल्या बासेलपर्यंत. तिथे उतरून आगगाडीत बसायचे आणि आल्प्स पर्वत रुळावरून ओलांडून इटलीतल्या जिनोआला यायचे. मग पाण्यावर उतरणारे विमान. ते रोम, नेपल्स, ग्रीसचा किनारा असे थांबत थांबत भूमध्य समुद्र ओलांडून इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला यायचे. तिथून पुन्हा आगगाडी, कैरोपर्यंत. कैरोला तिसरे विमान. या विमानाची जात डी हॅविलंड हर्क्युलिस. दुपंखी, तीन एंजिनांचे, ताशी शंभर-एकशेदहा मैल धावणारे. ते गाझा, इराकच्या वाळवंटातली रुतबा नावाची एक गढी, बगदाद, बसरा, मग इराणच्या किनाऱ्याने बुशहर, जास्क, ग्वादर करीत कराचीला टेके. प्रवाशाचे भाडे १३० पौंड. राजेरजवाडे, बडे साहेब आणि पत्रे एवढ्यांनाच परवडणारा प्रकार.

आता गणित करा. ही वाट सुमारे पाच हजार मैलांची. विमान ताशी शंभर मैल गेले तरी हवेतले तास होतात पन्नास. सात दिवसांचे तास होतात १६८. उरलेले सुमारे एकशेवीस तास कुठे गेले? काही आगगाडीत गेले. काही पेट्रोल भरण्यात. आणि पुष्कळसे झोपण्यात, कारण रात्री विमान उडत नसे. संध्याकाळी उतरायचे, जेवायचे, निजायचे, उजाडले की निघायचे. आपल्या बैलगाडीवाल्यांचा धडाच तो! हवेतून चाललेली असली तरी ती मजल दरमजलच होती.

या डाकेसाठी हिंदुस्थान सरकारने १९२९ च्या ऑक्टोबरात विमानटपालाची खास तिकिटे काढली. दोन आण्यांपासून बारा आण्यांपर्यंतची सहा तिकिटे, बाजूला पंचम जॉर्जचे चित्र आणि मुख्य चित्रात उडते हर्क्युलिस विमान. ती छापली गेली आपल्या नाशिकरोडला. विमानाचा आवाजही ज्यांच्या गावावरून कधी गेला नव्हता, अशा कामगारांनी ताव्याच्या ताव विमाने छापली, याची मला नेहमी गंमत वाटते.

कराची ते मुंबई हा तुकडा मात्र अजून उरला होता. तो जोडला १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. त्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या ड्रिग रोड मैदानावरून पस मॉथ नावाचे एक एंजिनाचे चिमुकले विमान उडवले. बरोबर प्रवासी कोणी नाही, फक्त डाकेची थैली. अहमदाबादला ते पेट्रोलसाठी उतरले. पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून. आपल्या गावच्या वाटेवरचे आणि आकाशातले वाहन असे त्या दिवशी एकमेकांना भेटले. दुपारी दोनच्या आत टाटा जुहूच्या मैदानावर उतरले. पुढची डाक नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने बेल्लारीला रात्रीचा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मद्रासला पोचवली. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी भरे, तेव्हा विमाने पुण्याहून सुटत. म्हणजे मृग लागला की शेतकऱ्याची जशी कामे बदलत तशी वैमानिकाचीही बदलत.

याच १९३२ सालात दुसरीही एक गोष्ट घडली. इराणच्या सरकारने आपल्या किनाऱ्यावरून उडायची परवानगी पुढे चालू ठेवली नाही. तेव्हा इंग्रज कंपनीला आखाताच्या पलीकडच्या अंगाला, अरबी बाजूला जावे लागले आणि तिथल्या शारजा या ठिकाणी, वाळवंटात, प्रवाशांच्या रात्रीच्या मुक्कामासाठी एक गढीच बांधली गेली. आकाशाला कुंपण नसते असे आपण म्हणतो. नसते खरे, पण आकाशाला मालक असतो. हे विमानवाल्यांना तेव्हाच कळले होते.

मग महायुद्ध आले. युद्धात मोठी विमाने झाली, रात्री उडण्याची साधने झाली, आणि युद्ध संपल्यावर ती प्रवासी वाहतुकीला मिळाली. देश स्वतंत्र झाला. दोऱ्यावरचे पहिले मोठे ठाणे जे कराची, ते दुसऱ्या देशात गेले. आणि ८ जून १९४८, मंगळवार, या दिवशी रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. स्वतंत्र भारताच्या विमानकंपनीची ही पहिली विलायत-फेरी. प्रवासी ३५, त्यांत खुद्द जे. आर. डी. टाटा. विमान कॉन्स्टेलेशन जातीचे, चार एंजिनांचे. थांबे दोनच, कैरो आणि जिनिव्हा. जाहिरातीत भाडे १,७२० रुपये छापले होते. त्या काळात एवढी रक्कम एका वेळी पाहिलेली माणसे एखाद्या गावात किती असतील, त्याचा अंदाज श्रोत्यांनीच करावा.

या फेरीसाठीही बारा आण्यांचे एक तिकीट निघाले, २९ मे १९४८ ला, आणि त्यावर याच कॉन्स्टेलेशनचे चित्र. एकोणीस वर्षांपूर्वीच्या तिकिटावर दुपंखी हर्क्युलिस होते. त्याच नाशिकरोडहून आता हे निघाले. दोन्ही तिकिटे शेजारी ठेवली तर शिक्षकांना वेगळा धडा शिकवावा लागणार नाही.

पुन्हा गणित. मुंबई ते कैरो सुमारे ४,३५० किलोमीटर, कैरो ते जिनिव्हा सुमारे २,८००, जिनिव्हा ते लंडन साडेसातशे. बेरीज ७,९००. म्हणजे ताणलेल्या दोऱ्यापेक्षा अवघी सातशे किलोमीटर जास्त. कॉन्स्टेलेशन ताशी पाचशे किलोमीटर जाते असे धरले तर हवेतले तास पंधरा-सोळा. प्रवासाला लागले मात्र जवळजवळ एक अहोरात्र. बाकीचे तास गेले समोरच्या वाऱ्याशी झगडण्यात आणि थांब्यांवर. तरीही हिशेब केवढा बदलला बघा. १९२९ मध्ये दर तीन तासांपैकी दोन तास प्रवासी जमिनीवर असे. १९४८ मध्ये तो बहुतेक वेळ हवेतच होता. वेग तिप्पट झाला, पण वेळ सातव्या हिश्शावर आला. ही जास्तीची बचत वेगाची नव्हे; ती न केलेल्या मुक्कामांची.

मुक्कामाची किंमत तासांतच मोजायची असती तर बरे झाले असते. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरोमार्गे जिनिव्हाला उतरायला चालले होते. आल्प्समध्ये वादळ होते. विमान माँ ब्लाँ या युरोपातल्या उंच शिखरावर आदळले आणि आतली ४८ माणसे गेली. त्यांत बहुतेक प्रवासी भारतीय खलाशी होते, इंग्लंडमधल्या एका जहाजावर कामाला चाललेले. विमानात फक्त धनिकच बसत, ही समजूत यामुळे थोडी दुरुस्त करावी लागते. हातावर पोट असलेली माणसेही त्या वाटेने जात होती. तिकीट मालकाचे असे आणि घर मागे असे.

पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, एअर इंडियाचेच 'कांचनजंगा' हे जेट विमान जिनिव्हाला उतरता उतरता त्याच पर्वतावर आदळले. ११७ माणसे गेली. अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा त्यांत होते. विमान आपण शिखर ओलांडले आहे या समजुतीने खाली येत होते. एकाच कंपनीची दोन विमाने, एकच पर्वत, एकच थांबा. योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण जिनिव्हाला उतरायचे नसते तर दोन्ही विमाने त्या डोंगरापाशी एवढी खाली आली नसती, हेही तितकेच खरे.

त्या पर्वतावर बर्फाची नदी आहे. बर्फही वाहते, बरं का, फक्त फार सावकाश. वर पडलेली वस्तू ती पोटात घेते आणि वर्षानुवर्षांनी खाली आणून सोडते. १९७८ मध्ये या हिमनदीच्या खालच्या टोकाशी गस्त घालणाऱ्या एका फ्रेंच शिपायाला 'मलबार प्रिन्सेस'मधली डाक सापडली. ५७ पत्रे. त्यांतली ५५ पुढे ज्यांच्या त्यांच्या पत्त्यावर रवाना करण्यात आली. एका दिवसात पोचायची पत्रे अठ्ठावीस वर्षांनी मार्गाला लागली. २०१२ मध्ये 'कांचनजंगा'मधली भारत सरकारची एक डाकेची थैली निघाली, आणि २०२० मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याच्या बातम्यांची १९६६ सालची वर्तमानपत्रे. ती पत्रे ज्यांच्या हाती पडली त्यांनी ती कशी फोडली असतील, हा विचार मनातून लवकर जात नाही.

१९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि वेग ताशी नऊशे किलोमीटरच्या घरात गेला. त्यानंतर वेग फारसा वाढलेला नाही. ही गोष्ट ऐकून पुष्कळांना नवल वाटते. आजचे प्रवासी विमान साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या जेटपेक्षा वेगाने जात नाही. मग आजचा प्रवास त्या वेळेपेक्षा लवकर का होतो? उत्तर तेच. तेव्हाची फेरी वाटेत थांबे घेत जाई. आजचे विमान मुंबईला एकदा तेल भरते आणि थेट लंडनला उतरते. साऱ्या वाटेची एकच मजल झाली.

आता एक नेहमीचा प्रश्न. मुंबईहून लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात आणि येताना नऊच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी. अंतर एकच, मग असे का? काही जण सांगतात, पृथ्वी फिरते म्हणून. ते बरोबर नाही. पृथ्वीबरोबर तिचे हवेचे पांघरूणही फिरते आणि विमान त्या पांघरुणातच असते. खरे कारण वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो, हिवाळ्यात अधिकच. लंडनहून येताना तो पाठीशी असतो, जाताना तोंडावर. नदीच्या धारेबरोबर पोहणारा आणि धारेविरुद्ध पोहणारा यांच्यातला जो फरक, तोच हा.

या तासांत घड्याळाचा घोटाळा मिसळू देऊ नये. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी एकला निघालेले विमान दहा तासांनी लंडनला पोचते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजलेले असतात, पण तिथल्या भिंतीवर संध्याकाळचे साडेपाच. अजाण मूल म्हणेल, साडेचार तासांतच पोचले! आपले प्रमाण घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेले आहे आणि लंडनचे शून्यावर. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे साडेपाच तासांचा फरक. उन्हाळ्यात इंग्रज आपली घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा साडेचार. जाता जाता आपल्या गावाचेही सांगतो. नाशिक त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर रेखांशावर असल्याने आपल्या डोक्यावर सूर्य येतो तो घड्याळात बारा वाजून सुमारे पस्तीस मिनिटे होतात तेव्हा. ऋतूप्रमाणे त्यात थोडे इकडेतिकडे होते. मुंबई शहराने तर १९५५ पर्यंत आपले वेगळे घड्याळ राखले होते, प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे.

आता पुन्हा गोलावरच्या दोऱ्याकडे या. त्याच्यावर कराचीजवळचा मुलूख होता, इराण होते, युक्रेन होते. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर युद्ध आले आणि ते आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. २०२५ च्या एप्रिलात पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा वाट बंद केली. त्याच वर्षी १३ जूनला इराणवर हल्ले सुरू झाले. त्या दिवशी पहाटे मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे एक विमान सुमारे तीन तास आकाशात राहून परत मुंबईलाच उतरले. तास तीन, कापलेले अंतर दोन हजारांवर किलोमीटर, आणि लंडन जिथल्या तिथे. १९३२ मध्ये इराणच्या परवानगीवाचून आखाताच्या पलीकडे जाणाऱ्या इंग्रज कंपनीच्या विमानांची आणि या विमानाची अडचण एकाच जातीची. एंजिनात काही बिघाड नव्हता, तेलही पुरेसे होते.

"आम्ही कुठे लंडनला जातो?" असे निफाड-दिंडोरीकडचे श्रोते म्हणत असतील. तुम्ही जात नसाल, तुमची द्राक्षे जातात. नाशिकची द्राक्षे युरोपला विमानाने जात नाहीत, ते भाडे त्यांना सोसत नाही. ती थंड केलेल्या पेटाऱ्यांत भरून न्हावा-शेवा बंदरातून जहाजाने नेदरलँडमधल्या रॉटरडॅमला आणि पुढे इंग्लंडला जातात. हा प्रवास सुएझमार्गे तीन-साडेतीन आठवड्यांचा. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले. जहाजकंपन्यांनी सुएझ सोडले आणि २०२४ च्या हंगामात आपली द्राक्षे आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपच्या वाटेने गेली. त्याच वाटेने, जी १८६९ मध्ये सुटली होती. दहा ते पंधरा दिवस जास्त लागले. भाडे वाढले.

आणि द्राक्षाला थांबता येत नाही. तोडणी झाली की त्याचे दिवस सुरू होतात. पेटाऱ्यातली थंडी ते दिवस लांबवते, वाढवून देत नाही. देठ हिरवा आहे तोवर तिकडचा घेणारा पुरा भाव देतो. देठ तपकिरी पडला की तोच माल हात राखून घेतो. म्हणून त्या हंगामात बागाइतदारांनी काय केले, तर पेटारा भरायचा माल अधिक कडक निवडला, लांबच्या प्रवासाला न टिकणारे घड इथल्या बाजाराकडे वळवले आणि बोटीच्या तारखा बघून तोडण्या मागेपुढे केल्या. घरात शिकणारा मुलगा मोबाइलवर जहाज कुठवर आले ते बघून सांगायचा, आणि म्हातारा विचारायचा, "अजून किती मुक्काम?"